उपाशी नसलेला गुलाब

मी एक जुना स्टीलचा चमचा आहे, मित्रांनो, आणि माझ्या हातून एक जीव जाता जाता वाचला.

माझा दांडा वाकला तशी या घरातल्या आईंनी मला स्वयंपाकघरातून काढलं आणि गच्चीवरच्या खताच्या डब्यात टाकलं. मला फार लागलं ते. पण पुढे त्यांचा कुंडीतला गुलाब माझ्याच मापाने फुलला. महिन्यातून एकदा, एक सपाट चमचा. वरचं खत त्या बोटाने पुसून परत डब्यात टाकत.

आई गेल्या, गुलाब राहिला. बाबा गच्चीवर येऊन त्याच्याशी बोलत बसत. काही झालं तरी हे झाड जगलंच पाहिजे, असं त्यांच्या लेकीने मनाशी धरलं.

इथेच घोळ झाला. दर रविवारी बाबा मला शिगोशीग भरत. "घे, पोटभर खा," म्हणत. बुधवारी लेक येऊन आणखी दोन चमचे घाली. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मला सगळं दिसत होतं, पण चमच्याला विचारतो कोण?

पानांच्या कडा करपल्या. कळ्या मिटल्या मिटल्याच गळल्या. झाड उपाशी आहे असं वाटून बाबांनी मला पुन्हा भरलं. मातीवर पांढरी खपली धरली तरी कुणाच्या लक्षात येईना.

शेवटी लेकीने माळीकाकांना बोलावलं. त्यांनी खपली नखाने उचलून पाहिली.

"खत कोण घालतं?"

"मी," दोघंही एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

"उपाशी नाही हो हे. खाऊन खाऊन मुळं भाजलीत. आता नुसतं पाणी. नवी पानं येईपर्यंत चिमूटभरही खत नको."

"जगेल ना?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

खपली काढून त्यांनी कुंडीत पाणी ओतलं, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग नुसती वाट पाहायची. चौथ्या आठवड्यात बाबांना राहवेना. त्यांनी मला भरलंच.

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली.

"काही न करता बसवत नाही गं. तुझ्या आईच्या वेळीही नुसता बसूनच होतो."

लेकीने मला रिकामं केलं आणि त्यांचा हात धरून बसली.

पाचव्या आठवड्यात एका काडीवर तांबूस कोंब दिसला. बाबांनी लेकीला हाक मारली आणि डबा तिच्या हातात दिला. "तुझ्याकडेच ठेव. माझा मला भरवसा नाही."

मित्रांनो, पान करपलं की खताच्या डब्याकडे धावू नका. आधी घरात विचारा, कुणी घातलंय का. माया करणारे दोघं असले, तरी पोट एकच असतं.