बुवांच्या पेल्यातलं रक्त

हॉल खच्चून भरला होता. प्रत्येकाच्या हातात झाकणाची बाटली, बाटलीत स्वतःची लघवी आणि चेहऱ्यावर असा भाव की आत अमृतच भरलंय. समोर पांढऱ्या गादीवर निर्मळबुवा बसले होते. बाटलीतलं पाणी काचेच्या पेल्यात ओतायचं, वर चिमूटभर भस्म टाकायचं, की पेला लालभडक!

"बघा, आतला रोग बाहेर ओढला!" बुवा गरजायचे. मग चमचाभर 'निर्मळजल' पडलं की लाल रंग गायब. "विरघळली गाठ! आता चिरफाड करायची नाही, फोटो काढायचे नाहीत, शंका घ्यायची नाही. शंकेने गाठ परत येते, बरं का!"

टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. शंकेला बंदी घालणारा वैद्य किती मोठा, असंच सगळ्यांना वाटत असावं.

तिसऱ्या रांगेत ताई दातओठ खात बसली होती. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवी तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ, कापड रंगवण्याच्या कारखान्यातला कारागीर. महिन्यापूर्वी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. दुखलं मुळीच नाही. सोनोग्राफीत काही दिसेना, पण ताईच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई चिवट. त्यांनी सीटी स्कॅन केला, दुर्बीण घालून तुकडा काढला आणि कॅन्सर सापडला. तोही मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे उतरणाऱ्या नळीत, जिथे तो क्वचितच होतो.

"अजून नळीबाहेर गेलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "त्या बाजूचं मूत्रपिंड नळीसकट काढू. वाचण्याची चांगली आशा आहे. पण उशीर नको."

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. रविवारी भाऊ बुवांकडे जाऊन आला आणि सोमवारी रक्त थांबलं. झालं! ऑपरेशनला साफ नकार. आज मंगळवार होता.

"ताई, एकदा स्वतः बघ, मग बोल," म्हणून त्यानेच तिला आणलं होतं.

ताईचा नवराही त्याच कारखान्यात होता. त्यालाही हाच रोग झाला आणि तिला काही न सांगता त्याने हेच बुवा गाठले. त्याचंही रक्त दीड महिना थांबलं होतं. त्या भरवशावर सात महिने गेले आणि रोग फुप्फुसांत पोचला. शंका घेतली म्हणूनच गाठ परत आली, असं बुवांनी सांगितलं आणि भावाला ते पटलंही. त्याला पोचवून आल्यावर ताई रडली नव्हती. बुवांना सोडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. भावाचा जीव वाचवायचा होता आणि बुवांची जिरवायचीही होती. दोन्हींतलं काय जास्त हवंय, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

समोरचा पेला पुन्हा लाल झाला. ताईने डोळे बारीक केले. रक्ताची लघवी तिने हजारदा पाहिली होती. कधी लाल, कधी मातकट, कधी कोऱ्या चहासारखी. असा गुलाबी झाक मारणारा भडक लाल एकदाही नाही. ती उठून थेट गादीपाशी गेली.

"बाई, बाटली कुठाय?"

"नाही आणली. तुमच्या पाण्यावर भागवते."

कोणी अडवायच्या आत तिने भस्माची चिमूट उचलली आणि बुवांच्या पिण्याच्या पेल्यात टाकली. पाणी लालभडक झालं.

"अगंबाई! बुवा, गाठ तुम्हालाच आहे की हो!"

मागे कोणीतरी फसकन हसलं. बुवांचा चेहरा उतरला. "अश्रद्धेच्या हाताने भस्म विटतं!"

"मग तुमच्या हाताने टाका. प्या तरी."

बुवांनी पेल्याला बोटही लावलं नाही. ताईने पर्समधून तपासणीच्या कागदी पट्ट्या काढल्या. एक पेल्यात बुडवली, एक निर्मळजलात. पहिलीवर सोड्याचा रंग उमटला, दुसरीवर आंबटाचा. "भस्मात धुण्याचा सोडा आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत सोडा आणि आंबट ओळखायला वापरतात ती पांढरी पूड. सोड्यात ती लाल होते. निर्मळजल म्हणजे लिंबाचं सत. आंबट पडलं की रंग जातो." मग ती भावाकडे वळली. "बावीस वर्षं कापड रंगवतोयस. चाळीस तऱ्हेचे लाल ओळखतोस. ये, ओळख हा."

भाऊ आला. पेला उजेडाला धरून त्याने निर्मळजलाचे थेंब टाकले, मग भस्म, मग पुन्हा थेंब. रंग गेला, आला, गेला.

"सोड्याने चढणारा, आंबटाने उतरणारा," तो ओशाळून पुटपुटला. "कारखान्यात रोज हेच करतो मी. रविवारी रंगाकडे बघितलंच नाही गं, नुसतं यांच्या तोंडाकडे बघत होतो." मग आवाज बारीक झाला. "पण ताई, माझं रक्त खरंच थांबलं."

"तुझ्या भावोजींचंही थांबलं होतं. या कॅन्सरचं रक्त असंच येतं-जातं. गाठ जागेवरच असते. काल 'बघ, बरा झालो' म्हणत मला दिलेली तुझी स्वच्छ लघवी रुग्णालयात भिंगाखाली ठेवली आहे. चल, स्वतः बघ."

रुग्णालयात जाऊन त्याने पाहिलं. नितळ दिसणाऱ्या त्या पाण्यात रक्तपेशी होत्या आणि वेड्यावाकड्या वाढलेल्या पेशींचे पुंजके होते. डॉक्टरीणबाईंनी एकेक पुंजका पडद्यावर बोट ठेवून दाखवला. गुरुवारी ऑपरेशन झालं. आता दर तीन महिन्यांनी त्याचं मूत्राशय दुर्बिणीतून तपासतात आणि तो कुरकुरत का होईना, जातो.

ताई तेवढ्यावर थांबली नाही. तिने तक्रार केली, नवऱ्याचे कागद जोडले, बुवांना कोर्टात उभं केलं. साक्षीच्या वेळी बुवांचे वकील गोड हसले. "बाई, तुम्ही हे सगळं सुडाने बोलताय, नाही का?"

"हो," ताई म्हणाली. "माझा माणूस गेला यांच्यापायी. सूड आहेच, आणि तो मी लपवणार नाही. पण माझ्यावर कोणीच विश्वास ठेवू नका. भस्म घ्या, पाणी घ्या, आपापल्या घरी करून बघा. आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, न दुखता दिसलं, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, तरी आधी डॉक्टर गाठा. माझ्या नवऱ्याला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. साहेब, एवढं लिहून घ्या."

न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहून मान हलवली आणि त्याने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.