कापडाचा बोळा

मित्रांनो, मी साध्या लाकडाची एक जुनी मधपेटी आहे. मला बनवणाऱ्या मधपाळाकडे माझ्या चौकटींवर माश्यांनी चार वर्षे सुखाने संसार केला. मग एका निवृत्त भूमापकाला मधमाश्या पाळायची हौस आली. त्याने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला माश्यांसकट विकत घेतले. निघताना मधपाळाने आमच्या दारांत कापडाचे बोळे घातले आणि बजावले, "घरी पोचलात की आधी बोळे काढा. बाकी सगळं नंतर."

पण अंगणात पोचताच भूमापकातला साहेब जागा झाला. त्याने फीत काढली, होकायंत्र काढले, पाणसळ काढली. आम्हाला ठेवायची घडवंची तसूभर कलती निघाली. ती सरळ करण्यात दुपार झाली. ऊन माझ्या पाठीवर होते. आत माश्या जिवाच्या आकांताने पंखांनी वारा घालत होत्या. मेण मऊ पडू लागले.

त्याची सून माझ्याजवळ वाकली. "बाबा, आतला आवाज बदललाय. बोळे काढू या ना."

"चार पुस्तकं वाचून मला शिकवू नकोस," तो म्हणाला.

तिचा नवरा फितीचे दुसरे टोक धरून उभा होता. तो आकडेच बघत राहिला.

शेवटी तिनेच पुढे होऊन बहिणीचा बोळा उपसला. माश्या उसळल्या, तिच्या हाताला डसल्या. माझ्यापर्यंत ती पोचण्याआधीच सासऱ्याने तिला घरात पिटाळले. पुढे त्याने मला उघडले, तेव्हा पोळी तुटून तळाशी पडली होती. मधात माश्यांचा लगदा झाला होता. मला वाटले, आता तो सुनेला हाक मारील.

संध्याकाळी शेजारी जमले. त्याने सांगितले की सुनेच्या आगाऊपणामुळे माश्या बिथरल्या आणि एक पेटी गेली, दुसरी त्याने कशीबशी वाचवली. सून सुजलेला हात घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"जाऊ दे ना आता," तो तिलाच म्हणाला.

ती पुन्हा माश्यांकडे फिरकली नाही. बहिणीचा मध सासरा बाटल्या भरून वाटतो. लोक त्याला जाणकार म्हणतात. माझ्यात खिळे आणि सुतळ्या असतात.

मित्रांनो, माश्या जरूर पाळा. मात्र जीव घरी आणलात, की आधी त्यांना श्वास घेऊ द्या. कुणी धोक्याचे सांगितले, तर सांगणाऱ्याचे वय मोजू नका. आणि तुमच्यादेखत कुणावर खोटा आळ आला, तर मान खाली घालू नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.