अळवाखालचा गाळ

मित्रांनो, मी चिंचणीच्या रस्त्याकडेचा एक जुना गाळखड्डा आहे. मेमधल्या त्या रविवारी आत्माराम हातमोजे घालून माझ्यात उतरले आणि वाळूवर धरलेली गाळाची काळी साय खुरप्याने खरवडू लागले. बोईसरहून आलेली त्यांची मुलगी हेमांगी पिंप धरून काठावर उभी होती.

"हेमू, दोन वरसांपूर्वी मधेच गाळ कमी झालता. तो मीच काढला का गं? मला आठवत नाय."

"काढला असेल, बाबा."

"डोकं रिकामं होत चाललंय. उद्या तुझं नाव विसरलो तर रागावू नको."

"शेजारच्या मंदाकाकीच्या नावानं हाक मारा. रागावायचं काम ती करेल."

ते हसले. अर्धा गाळ राहिला. "उद्या काढू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते गेले.

माझा जन्मच धास्तीतून झाला. त्यांच्या वाडीची विहीर रस्त्याला लागून आहे. वळणावर ट्रक ब्रेक दाबतात. ब्रेक झिजतात, टायर झिजतात. तांबे, जस्त, शिसे यांची धूळ डांबरावर साठते आणि पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून वाडीत येते. विहिरीच्या पाण्यात शिसे निघाले, तेव्हा आत्मारामांनी मला खणले, विटांनी बांधले, तळाशी खडी, त्यावर कोळसा आणि वाळू भरली. पाणी माझ्यात थांबे, गाळ वर राही, निवळलेले पाणी पुढे जाई. पुढच्या तपासणीत शिसे घटले. शाळेची मुले वह्या घेऊन मला पाहायला आली. नंतर सगळे विसरले. कुणी माझ्यात वेफरच्या रिकाम्या पिशव्याही टाकल्या. आत्माराम मात्र दर उन्हाळ्यात वरचा थर काढून झाकणाच्या पिंपात भरत आणि घातक कचऱ्याच्या गाडीत देत.

मित्रांनो, माझा गाळ काळा, भुसभुशीत, अगदी खतासारखा दिसतो. त्याचीच मला भीती वाटते. मी अडवलेले विष कुणी आपल्या हाताने परसात नेले, तर मी काय करणार? दोन वर्षांपूर्वी तेच झाले. वडील पालघरला गेले असताना हेमांगीने दोन घमेली गाळ विहिरीकाठच्या अळवाला घातला. वडिलांची सावधगिरी तिला म्हातारपणाचा हट्ट वाटे. परतल्यावर ते माझ्याकडे पाहत कितीतरी वेळ उभे राहिले. ती गप्प राहिली. मीही सांगू शकलो नाही.

तेराव्यानंतर एडवणच्या बाजूने ढग चढले. माझ्यात अर्धा गाळ तसाच होता. शेजारच्या मंदाकाकी आल्या.

"हेमांगी, पाऊस आता येल. वड्यांना दोन पानं काढू? असलं अळू गावात नाय."

"नको, काकी. ते खाऊ नका."

"का गं? तुझा बाप असता तर नाय नसता बोलला."

हेमांगीने कुदळ उचलली. तिने अळवाचा वाफा खोल खणला, माती आणि कंद पिंपात भरले. मग वडिलांचे हातमोजे घालून माझ्यात उतरली आणि उरलेली अर्धी साय काढली. मित्रांनो, मला एवढेच हवे असते: पावसाआधी एकदा साफ करणारे हात, आणि तो गाळ कुठल्याही कुंडीत न घालणारे.

काम संपल्यावर ती वाळूवरच बसली. मंदाकाकी काठावर होत्या, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमी विसरला नव्हता. तो गाळ मी उचलला होता."