एक कोयता, एक उत्तर

बद्रीनाथ सरांचा विजयमालाला वीट आला होता, पण पोटासाठी काम तेच होतं: प्रोग्रॅमिंगचा गंधही नसलेल्या संशोधकांना आपापलं पाहणीचं ॲप स्वतः बनवायला शिकवायचं. चौकोन ओढायचा, त्यात प्रश्न लिहायचा, खाली अट लावायची, की झालं. सर ऊसतोडीच्या बायांच्या आजारपणावर पीएचडी करत होते. घरात मुकादमी तीन पिढ्यांची, आणि बाया त्यांनी पाहिल्या त्या फक्त ट्रकमध्ये चढताना.

तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सरांनीही कोयत्याला एकच चौकोन केला होता. विजयमालाने हट्टाने त्याचे दोन करायला लावले, एक गड्याचा, एक बाईचा. "तुमी म्हनता तर करू," असं म्हणून सरांनी खिडकीतून पानाची पिचकारी मारली.

चौसाळ्याच्या पारावर पाहणी सुरू झाली. हरिबा स्वतःबद्दल आणि बायकोबद्दल उत्तरं देऊन चहाला गेला. मग त्याची बायको भिवराबाई पदर आवळून बसली आणि आईलाही न सांगितलेलं सांगू लागली. गर्भाची पिशवी काढल्यापासून कंबर धरते, मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी येते.

"आजवर कुनी इचारलंच न्हाई ओ," ती म्हणाली.

विजयमालाने शब्द न शब्द भरून पाठवला आणि थोडं पलीकडे बसलेल्या सरांच्या लॅपटॉपवर तक्ता उघडला. हरिबाच्या कोयत्यापुढे आलं होतं: बाईला त्रास नाही.

"सर, हे काय?"

सर खुलले. "अट लावली मी. दोघांचं जुळलं न्हाई की गड्याचं धरायचं, बाईचं पुसायचं. मुकादमाकडं नाव कुनाचं असतंय, गड्याचंच ना? तुमाला इचारायचीबी गरज पडली न्हाई, मॅडम. माझं मी केलं."

तिला शिसारी आली. त्या लाल दातांची आली, आणि त्याहून जास्त आपण शिकवलेल्या विद्येची आली.

"काढा ती अट."

"ॲप माझं हाय, मॅडम."

ते खोटं नव्हतं. ॲप तुमचं, मालक तुम्ही, हे तिनेच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

भिवराबाई अजून उठली नव्हती. "ताई, गेलं का माझं?" तिने हळूच विचारलं.

"गेलं," विजयमाला म्हणाली. वर बघायची तिला हिंमत झाली नाही.