खोलीमागे एक जोडी हात

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रस्ता मनात आणा. लाल मातीचा, अमेरिकेतल्या कॅरोलायनातला, नदीकाठच्या सूतगिरणीकडे उतरणारा. दुपारचे बारा वाजलेत. भोंगा होतो आणि रस्त्यावर माणसांची रांग दिसू लागते. रुंद खांद्यांची, धडधाकट माणसं. प्रत्येकाच्या हातात झाकणाची एक पत्र्याची बालदी. तुम्हाला वाटेल, ही कामाला निघालीत. नाही. बालदीत मक्याची भाकरी आहे, घेवडा आहे, आणि ते जेवण गिरणीत राबणाऱ्या त्यांच्या लेकरांचं आहे. तुम्ही शेतावर बापाची भाकरी नेता ना? इथे बाप पोरांची भाकरी नेतात. ती फाटकात दिली की ओकच्या झाडाखाली बसून तंबाखू चघळतात, थुंकतात आणि देश कुणी बुडवला यावर बोलतात.

गावात त्यांना 'बालदीवाले' म्हणत. त्यांच्यातच अ‍ॅझबरी टीग होता.

डोंगरावर त्याची स्वतःची जमीन होती. पण कापसाचा भाव पडत गेला, रेल्वेचं भाडं चढत गेलं आणि तीन वर्षांपूर्वी टीग कुटुंब गाडीत भांडीकुंडी घालून खाली गिरणीच्या चाळींत आलं. गिरणीला अ‍ॅझबरी नको होता. नांगर धरून राठ झालेल्या बोटांनी तुटलेला धागा सांधता येत नाही. गिरणीला बारीक बोटं हवी होती. घर मिळायचं तेही एका नियमावर: जितक्या खोल्या, तितक्या जोड्या हात गिरणीत. टीगांच्या घराला खोल्या तीन. म्हणून बायको लुराना विणाईखात्यात गेली, मोठा मुलगा हॉइट तिथेच गेला आणि आठ वर्षांची आर्डेला सूतखात्यात.

आता आर्डेला अकरा वर्षांची होती. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत ती सूत कातायच्या साच्यांपुढून येरझारा घाले. केसांत, भुवयांत, घशात कापसाचा भुगा. दुपारनंतर उभ्या उभ्या डोळा लागला की मुकादम तोंडावर गार पाणी मारी आणि हसे. शेजारच्या साच्यावरच्या एफीची दोन बोटं पट्ट्यात गेली, तेव्हा साचा थांबला तो फक्त पुसून घेण्यापुरता.

त्या वसंतात कंपनीने सकाळचा भोंगा रोज पाव तास आधी वाजवायला सुरुवात केली. विणकर संपावर गेले. अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी उपाशी पोटांनी आत शिरले आणि फाटकावर लावलेल्या यादीत ज्यांची नावं होती त्यांना आत घेतलं नाही. यादीत हॉइट होता. बोचकं उचलून तो जॉर्जियाकडे निघून गेला.

गुरुवारी संध्याकाळी गिरणीचा व्यवस्थापक क्राउस दारात आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"टीग, खोल्या किती तुझ्या घराला?"

"तीन, साहेब."

"आणि हात?"

"सध्या... दोनच जोड्या."

क्राउसची नजर टेबलाखाली गेली. तिथे धाकटी मोझेल कणसाच्या बाहुलीला चिंधी गुंडाळत होती. "इकडे ये गं. बोटं दाखव."

बाजारात खेचराचे दात बघावेत तशी त्याने तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"सात वर्षांची आहे हो ती," लुराना म्हणाली.

"छान बारीक आहेत. सोमवारी पाठवा. नाहीतर सोमवारी घर रिकामं करा. चार कुटुंबं वाट बघतायत."

तो गेला. लुराना नवऱ्याकडे वळली. "तोंडातून एक शब्द नाही काढलास?"

"काय काढू? तुझ्या लेकाने काढला ना, कुठे पोचला तो?" अ‍ॅझबरी म्हणाला. "सगळ्यांची पोरं जातात. खेळच वाटतो त्यांना."

"मला नाही वाटला, बाबा," आर्डेला म्हणाली.

"मोठ्यांत बोलू नकोस."

मोझेलला मात्र आनंद झाला होता. "मला लाल रिबन घेता येईल? आणि एफीसारखी बालदी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अ‍ॅझबरीने परसात बसून एक खोकं बनवलं. सात वर्षांच्या पोरीचा हात साच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून गिरणीतल्या लहानग्यांना खोक्यावर उभं करतात. त्याने कडा कानशीने गोल केल्या. काचपेपर मारला. "पायात कुसळ नको जायला," तो मायेने म्हणाला. आर्डेला खिडकीतून बघत होती. त्या मायेची तिला शिसारी आली.

शनिवारी दुपारी गिरणीला सुट्टी झाली. ओढ्याकाठच्या झाडीत शेतकरी संघाची सहल होती. डोंगरावरून गाड्या आल्या होत्या, बँड आला होता, लांब टेबलांवर डुकराचं भाजलेलं मांस आणि सफरचंदाचं सारण भरलेले गोड 'पाय' मांडले होते. गिरणीच्या पगारावर पोसलेल्या पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, ओठांवरचा रस्सा रुमालाने टिपला आणि पुन्हा ताट पुढे केलं.

मग अ‍ॅझबरी टीग व्यासपीठावर चढला. बोलायला तो फार चांगला होता. डोंगरावरच्या सभांत आर्डेला त्याच्या खांद्यावर बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, आपल्या बाबांएवढा शूर माणूस जगात नाही.

"हे रेल्वेवाले!" तो गरजला. "पेरत नाहीत, खुरपत नाहीत, आणि आपल्या ताटातलं खातात! बंधूंनो, दुसऱ्याच्या घामावर जगतो त्याला माणूस म्हणायचं का?"

"नाही!" झाडी दुमदुमली.

"मग काय म्हणायचं?"

"बांडगूळ! बांडगूळ!" बालदीवाले सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

त्याचा एकही शब्द खोटा नव्हता, मुलांनो. रेल्वेवाले खरंच तसे होते. म्हणूनच आर्डेलाने तोंडातला घास गवतात थुंकला.

अ‍ॅझबरी खाली उतरला आणि संघाचे अध्यक्ष गेदर, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, उभे राहिले. संघात बायकांनाही बोलायची मुभा होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "आणखी कुणा बंधूला किंवा भगिनीला दोन शब्द बोलायचेत?"

आर्डेलाने मोझेलचा हात धरला आणि ती पायऱ्या चढली. खाली कौतुकाचं हसू पसरलं. लोकांना वाटलं, पोरी गाणं म्हणणार.

"ही माझी बहीण मोझेल," आर्डेला म्हणाली. साच्यांच्या आवाजावरून बोलायची सवय असल्यामुळे तिचा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत पोचला. "सात वर्षांची आहे. सोमवारपासून गिरणीत जाणार, कारण आमच्या घराला तीन खोल्या आहेत. मी आठव्या वर्षी गेले. आई जाते. बाबा दुपारी आमचं जेवण आणतात. दुसऱ्याच्या घामावर जगणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्ही आत्ता ओरडून सांगितलंत. आता बाबांकडे बघून सांगा."

बालदीवाले आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"काय टीग, घरात दोन-दोन वक्ते झाले की!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले आणि लगेच थांबले.

"खाली उतर," अ‍ॅझबरीचा चेहरा काळवंडला होता. "चार लोकांत बापाची अब्रू काढतेस?"

"मी फक्त मोझेलचं वय सांगितलं, बाबा."

"अरे, वाजवा रे काहीतरी!" गेदरांनी बँडकडे हात हलवला. "जोरात!"

पितळी वाद्यं कडाडली. अ‍ॅझबरी पायरीकडे निघाला, पण त्याच्या आधी लुराना पोचली होती. गोडाच्या टेबलापासून ती पिठाच्या हातांनीच आली. सगळ्यांना वाटलं, ही आता पोरींना खाली ओढणार. ती वर चढली, मोझेलच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले.

"क्राउसला मी सांगते," ती आर्डेलाच्या कानाशी म्हणाली. "सोमवारी त्याला त्याच्या तिन्ही खोल्या मिळतील."

"मग आपण जायचं कुठे?"

"ते मला माहीत नाही."

बँड वाजत राहिला. एक गाणं संपता संपता गेदरांनी पुन्हा हात हलवला आणि दुसरं सुरू झालं. उन्हात घामाघूम झालेल्या वादकांचे गाल फुगत होते. आर्डेला जागची हलली नाही. गिरणीत बारा-बारा तास उभी राहिलेली पोर ती. दोन गाण्यांनी तिचे पाय कसे दुखणार?

शेवटी वादकांचा दम संपला. तुतारीवाल्याने वाद्य उलटं करून त्यातली थुंकी झटकली.

मग आर्डेलाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"ही माझी बहीण मोझेल. सात वर्षांची आहे."