टोपल्याला हात

मैनाबाई पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेली. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण पळते, ही साऱ्या वऱ्हाडाची खात्री. अकोल्यात साहेबाची कचेरी होती, दवाखाना होता. पण कमरेत उसण भरली की लोक मोर्णेकाठच्या मैनाबाईच्या मळ्याचीच वाट धरायचे. दुखणाऱ्यानं उपडं पडायचं, तिनं पाय टेकवायचा, की निघाला माणूस चालत! एक नेम मात्र होता. पायाळूनं आपण होऊन कोणाच्या दारी जायचं नाही. ज्याचं दुखतं त्यानं यायचं.

लोक आले की अंगण गजबजायचं. गेले की पुन्हा सामसूम. तीन वर्षांमागं मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा सहदेव गेला आणि आठच दिवसांत त्याचा धाकटा भाऊही. मैनाबाई आणि धाकटी जाऊ शकुन, दोघी एकदमच पांढऱ्या कपाळाच्या झाल्या. अशा वेळी एकमेकींच्या गळ्यात पडून रडावं की नाही? छे! तेराव्यालाच विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपली. "शकुनचं तोंड पाहीन तर नावाची मैना नाही," असं ही बोलून बसली. मधे तुराट्यांचं कुंपण घातलं, आणि तेव्हापासून दोन बाजूंना दोन मुक्या बाया.

यंदा मैनाबाईचीच कंबर धरली. साऱ्यांची उसण काढणारीची उसण कोण काढणार? आपला पाय आपल्या पाठीला पोचतो थोडाच! उठता-बसता जीव कळवळायचा. वांगी झाडालाच जून होऊ लागली. भाजी विकायला बाजारात जाणं सुटलं तर मळा सोडून परतवाड्याला भावाच्या दारी जाऊन पडावं लागेल, या धाकानं तिला घास उतरेना.

शेवटी ती जुन्या शहरात जैनबबीकडे गेली. म्हातारी हाडं-शिरा चोळण्यात वाकबगार. तिनं पाठीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "टोपलं डोक्यावर कोन चढवून देते?"

"कोन देईन? मीच घेतो. गुडघ्यावर टेकवतो, अन् मंग देतो हिसका."

"हाच हिसका तुले खाऊन राहिला, बेटी. पयले कोन देत होतं?"

सहदेव रोज पहाटे टोपल्याला हात लावायचा, "सांभाळ वं" म्हणायचा. मैनाबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं.

जैनबबीनं गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं आणि बजावलं, "शेक घे, तेल चोळ, चार दिवस ओझं नको उचलू. पन पुन्हा एकटीच टोपलं उचलशीन, तर पुन्हा माह्याकडे येशीन. कोनाले तरी हाक मार."

हाक मारायची कोणाला? चार दिवस ती आढ्याकडे पाहत पडून राहिली. उसण पार गेली नाही, पण सैल झाली. पाचव्या सकाळी तिनं वांगी तोडली, टोपलं भरलं आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे पाहते तर शकुनचं टोपलं बांधावर तसंच, आणि त्यातली मेथी कालचीच, मान टाकलेली. झोपडीतून कण्हणं ऐकू आलं.

नेम गेला चुलीत! कुंपण सारून मैनाबाई आत शिरली. शकुन बाजेवर उपडी पडली होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"आल्या का लाथ माराले? मारा."

मैनाबाईनं पाय उचलला नाही. चूल पेटवली, तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि तिच्या कमरेवर धरलं.

"साऱ्या गावाची उसण मी काढतो, अन् तू कावून नाही आली वं?"

"तुमच्या दारात कोन्या तोंडानं येऊ?" शकुन उशीत तोंड खुपसूनच बोलली. "टोपलं उचलून उचलून झालं हे. हात लावाले कोन हाय मले?"

"तीन वर्सं एकटीच उचलत होती?"

"मंग तुमाले कोन देत होतं, बाई?"

कुंपण तर छातीएवढंही नव्हतं. रोज पहाटे अलीकडे वांग्याचं टोपलं भरत होतं, पलीकडे मेथीचं.

"कोनीच नाही वं माय," मैनाबाई म्हणाली, आणि तेराव्याला राहून गेलेलं रडणं दोघी त्या दिवशी रडल्या.