बिनपाल्याचा बोकड

नवसाच्या कंदुरीचा बोकड कसा पोसावा हे मुरुडात गुणाबाईला कुणी शिकवावं लागत नव्हतं. हिरवा पाला दाखवायचासुद्धा न्हाई, मटण पाणचट होतं. कडबा, ज्वारीचा भरडा, बास. तसंबी लातूर जिल्हा झाला त्या साली हिरवं होतं कुठं? दारचा शेवगा तेवढा तग धरून होता. पोट बिघडतं म्हणून त्याचा पाला तिनं पोरीलाबी बंद केला होता.

पोर म्हणजे कुसुम. दिवेलागणीला तिला दिसायचं न्हाई. रातांधळ्याला बोकडाची कलेजी, सगळं गाव सांगत होतं. गुणाबाईनं दर्ग्याला कंदुरी बोलली, पहिली कलेजी पोरीची. नवरा व्यंकटी म्हणत होता, आधी लातूरच्या दवाखान्यात नेऊ. तिनं ऐकलं न्हाई. बोकड अजून महिनाभर भरू दे म्हणाली.

बोकड भरला, अन् असा भरला म्हणता! सांज झाली की भिंतीला धडका द्यायचा. मेल्याला चरबी चढलीय, असं म्हणून गुणाबाई हसायची.

कंदुरी झाली. मटणात चरबीच्या पांढऱ्या रेघाच रेघा, माणसं बोटं चाटत उठली. निखाऱ्यावर भाजलेली कलेजी तिनं कुसुमला हातानं भरवली.

दोन-चार दिवसांनी गुणाबाई सांजेला भाकरी थापत होती, तर भिंतीला धडक बसली. तीच भिंत, तोच आवाज. बोकड तर कापला, मग हे कोण? पिठाच्या हातानं बाहेर आली. कुसुम कपाळ भिंतीला लावून हातानं दार चाचपत होती.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी कुसुमला औषधाचं तेल पाजलं. उजवा डोळा वाचेल म्हणाल्या, डाव्यावर फूल पडलंय, तो गेला. महिन्याखाली आणायला पाहिजे होतं.

गुणाबाई चिडली. अख्खी कलेजी घातली होती तिनं. बाईंनी बोकडाला काय घालत होतीस ते विचारलं. मग म्हणाल्या, "त्याला सांजेला दिसत होतं का?"

गुणाबाईला सांजेच्या त्या धडका आठवल्या.

पाल्यातलं जीवनसत्त्व कलेजीत साठतं, बाई सांगत होत्या. ते कमी पडलं की मांसात चरबी वाढते अन् डोळे जातात. त्या बोकडाच्या कलेजीत द्यायला काही उरलंच नव्हतं. गुणाबाईला पुढचं ऐकू आलं न्हाई. पोरीच्या डोळ्यांसाठी तिनं एक आंधळं जनावर कापलं होतं.

कुसुमनं तिचा पदर ओढला.

"माय, त्यालाबी हितं आणायचं होतं की."